पिरियड ड्रामातल्या बायका दुकानात पैसे कधी देतच नाहीत, ते कसं काय?

ओटीटीवर सध्या जुन्या इंग्लंडच्या मालिकांचा नुसता पूर आलाय. झगे, घोडागाड्या, चांदीची किटली, आणि एक सीन तर ठरलेलाच: बाई दुकानात शिरते, चार-पाच रेशमी तागे उलगडायला लावते, एकावर बोट ठेवते, "घरी पाठवून द्या" म्हणते आणि चालू पडते. पर्स नाही, पैसे नाहीत, हातात पिशवी पण नाही. आपल्याला वाटतं एडिटिंगमध्ये उडवलं असेल, पण नाही हो, खरंच तसंच चालायचं. आणि ते तसं का चालायचं हे खोदायला लागलं की लेबलवरचा ठरलेला भाव, होम डिलिव्हरी, हिरॉइनची साबणाची जाहिरात, अशा बऱ्याच गोष्टींचा पत्ता त्याच गल्लीत लागतो. मला ह्यातली सगळ्यात भारी गंमत ही वाटते की एवढा मोठा बाजार ज्या बाईच्या पसंतीवर उभा राहिला, तिच्या हातातला पैसा कायद्यानं तिचा नव्हताच.

आधी दोन गोष्टी सांगून टाकतो म्हणजे पुढे अडायला नको. हे सगळं विक्टोरियन काळातलं, म्हणजे राणी विक्टोरियाच्या कारकिर्दीतलं, १८३७ ते १९०१. आणि पैशांचा हिशोब असा: १२ पेन्सचा एक शिलिंग, २० शिलिंगचा एक पौंड, आणि उंची दुकानं भाव सांगायची गिनीत, म्हणजे २१ शिलिंग.

## खातंपितं घर म्हणजे नेमकं किती पैसेवालं?

इथे लॉर्ड आणि ड्यूक सोडून द्या, ते मूठभर. बाजार ज्यांनी बदलला ते म्हणजे वकील, डॉक्टर, बँकेतले मोठे अधिकारी, गिरणीमालक, व्यापारी. ह्यांची ऐपत मोजायचं माप एकच, घरात नोकर किती. इसाबेला बीटन ह्या बाईंनी १८६१ मध्ये घर चालवण्यावर जे जाडजूड पुस्तक काढलं त्यात चक्क कोष्टकच दिलंय. वर्षाला हजार पौंड मिळत असतील तर स्वयंपाकीण, दोन हाउसमेड, पोरांना सांभाळणारी एक आणि एक गडी, असे पाच जण. दीडशे-दोनशे पौंड असतील तर एकच पोरगी, जी चूल पेटवण्यापासून बूट पुसण्यापर्यंत सगळं करणार. तिचा पगार राहून-खाऊन वर्षाला ९ ते १४ पौंड. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

घरकाम नोकर करणार म्हणजे मालकिणीकडे वेळ, आणि बाहेर जाऊन नोकरी करणं तर तिला शोभत नाही असा समज. मग तिच्याकडे उरलं काय, तर घर सजवणं, पाहुणचार, भेटीगाठी आणि खरेदी. ह्याला नुसती चैन म्हणून सोडून देऊ नका, नवऱ्याची पत गावाला दिसायची ती ह्याच सगळ्यातून.

## बरं, मग पैसे का नाही द्यायचे?

उधारी, दुसरं काय. आपल्याकडे वाण्याची वही असायची ना, महिनाभर माल उचलायचा, वाणी लिहून ठेवणार, पगार झाला की हिशोब, तोच प्रकार, फक्त लंडनमधली वही तीन-सहा महिन्यांनी मिटायची, काही बड्या घरांची तर वर्षानं, आणि तीही दुकानदारानं चार पत्रं पाठवल्यावर. मोठ्या घरच्या माणसानं खिशातून नाणी काढून मोजणं हेच कमीपणाचं. आपल्या नावावर उधार मिळतं हाच मान.

आता दुकानदाराचा विचार करा. त्याचा पैसा सहा-सहा महिने अडकणार, काही बुडणार, मग तो भाव चढवणार. म्हणजे वेळेवर पैसे देणारा माणूस बुडव्यांचंही बिल भरत होता. शिवाय वस्तूवर भाव लिहिलेला नसायचाच बऱ्याच ठिकाणी, गिऱ्हाइकाचे कपडे, बोलणं आणि दारात उभी गाडी बघून आकडा ठरणार. बाईसाठी काउंटरपुढे खुर्ची, ती बसणार, मागच्या फळ्यांवरून माणूस एकेक वस्तू काढून आणणार, आणि एवढा पसारा काढायला लावल्यावर काहीच न घेता उठणं म्हणजे अगदी ओशाळवाणं. "सहज बघायला आले" हे वाक्य त्या दुकानांत चालण्यासारखं नव्हतं.

## हे मोडलं कोणी?

काही प्रमाणात सरकारी नोकरांनी, म्हटलं तर हसू येईल. पगार ठरलेला आणि भाव वाढत चाललेले, तेव्हा ह्या लोकांनी १८६० च्या दशकात स्वतःची सहकारी दुकानं काढली, घाऊक खरेदी, रोख पैसे, कमी भाव. त्यांचं बघून १८७१ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी आर्मी अँड नेव्ही नावाची सोसायटी काढली, सुरुवात म्हणे वाइन स्वस्तात मिळावी म्हणून. हे नाव पण ध्यानात ठेवा, मुंबईत भेटणार आहे.

पण खरा धुरळा उडवला विल्यम व्हाइटली नावाच्या माणसानं. यॉर्कशायरचा पोरगा, १८६३ मध्ये लंडनच्या वेस्टबोर्न ग्रोव्हमध्ये रिबिनी-लेसचं छोटं दुकान टाकलं. जागा इतकी पनवती की लोक त्या रस्त्याला दिवाळखोरीचा रस्ता म्हणायचे. ह्यानं भाव उघड लिहिले, नफा कमी ठेवला, आणि शेजारचं एकेक दुकान गिळत गेला, आधी कापड, मग दागिने, फर्निचर, घर भाड्यानं मिळवून देणं, अंत्यविधीची व्यवस्था. टाचणीपासून हत्तीपर्यंत काय हवं ते देतो अशी त्याची ख्याती होती. असं सगळं एका छपराखाली, वेगवेगळे विभाग करून विकणारं दुकान म्हणजेच डिपार्टमेंट स्टोअर.

१८७६ साली तो मांस आणि भाजीपाला पण विकायला लागला, आणि आसपासच्या खाटकांचं डोकं फिरलं. नोव्हेंबरमध्ये गाय फॉक्सच्या दिवशी इंग्लंडमध्ये पुतळा जाळायची पद्धत आहे, तर ह्या खाटकांनी व्हाइटलीचाच पुतळा केला, लांब कोट घातलेला, एका हातात मांसाचा तुकडा आणि दुसऱ्या हातात रुमाल, वाजतगाजत मिरवला आणि पेटवून दिला. मॉल आला आणि आमचा धंदा बसला ही तक्रार किती जुनी आहे बघा.

ह्या दुकानांना अजून एका गोष्टीचा हात लागला, काचेचा. १८४५ पर्यंत इंग्लंडमध्ये काचेवर कर होता. तो गेल्यावर मोठ्या काचा स्वस्त झाल्या, दुकानाचा दर्शनी भाग अख्खा काचेचा झाला, संध्याकाळी आत गॅसचे दिवे. आता आत न शिरता, कोणाची भीड न बाळगता, रस्त्यावरून नुसतं बघता यायला लागलं. त्यात १८५१ चं हाइड पार्कमधलं जंगी प्रदर्शन, काचेचा महाल, साडेपाच महिन्यांत साठ लाखांच्या आसपास फेऱ्या, आणि तिथं विकत काही घ्यायचंच नव्हतं, नुसतं बघायचं. लोकांची नजर तिथं चांगलीच तयार झाली असं माझं मत.

## पण बायका एकट्या बाजारात जायच्या? तेव्हा?

ही शंका रास्त आहे. जायच्या, पण लोक नाकं मुरडायचे, आणि एक अडचण अशी की तिच्याबद्दल कोणी बोलायचंच नाही: बाथरूम. पुरुषांसाठी क्लब होते, सार्वजनिक मुताऱ्या होत्या, बायकांसाठी जवळपास काही नाहीच. म्हणजे घरून निघालं की दोन-तीन तासांत परत. १८८४ मध्ये ऑक्सफर्ड सर्कसजवळ एका खासगी कंपनीनं बायकांसाठी पैसे देऊन वापरायची सोय काढली, ती बातमी होती. मोठ्या दुकानांनी हे बरोबर हेरलं, विश्रांतीची खोली, स्वच्छतागृह, चहा-फराळाची जागा, म्हणजे बाई सकाळी आली की दुपारपर्यंत आतच. व्हाइटलीनं १८७२ मध्ये फराळाच्या खोलीत वाइन-बिअर द्यायचा परवाना मागितला तर अधिकाऱ्यांनी नाकारला, का तर तिथं भलत्याच बायका सभ्य बायकांसारख्या नटून येतील आणि कुठली कोण ते कळायचं नाही.

हॅरॉड्स ह्या लंडनच्या बड्या दुकानात नोव्हेंबर १८९८ मध्ये सरकता जिना बसवला, चामड्याचा चालता पट्टाच होता तो, आणि वर पोचलेल्या लोकांना धीर यावा म्हणून ब्रँडी आणि घेरी आल्यावर हुंगवतात ते मीठ घेऊन माणूस उभा. आपल्याकडे मॉलमध्ये सरकत्या जिन्यापाशी साडी सावरत थबकणाऱ्या काकूंना कोणी हसू नये, एवढंच सांगतो.

## नवऱ्यानं बिल भरायला नकार दिला तर?

इथं गाडी खरी अडते. इंग्लिश कायद्यात लग्न झालं की बाईची वेगळी कायदेशीर ओळख नवऱ्याच्या ओळखीत मिसळून जायची, ह्याला कव्हर्चर म्हणत. तिची कमाई त्याची, तिची रोकड त्याची, आणि तिच्या नावावर करार होऊ शकत नाही. मग दुकानदार उधार देतो कोणाला? तर ती नवऱ्याच्या वतीनं खरेदी करते असं धरून चालायचं, घराला लागणारं सामान असेल तर बिल नवऱ्यावर. चालत होतं तोवर ठीक, पण रेशमी झगा हे घराला लागणारं सामान आहे का? किती झगे लागतात? झालं, दुकानदार कोर्टात, नवरा कोर्टात, आणि मध्ये बायको, जिच्या कपाटाची यादी भर कोर्टात वाचून दाखवणार.

१८८० मध्ये असाच एक खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत गेला. हॉटेल चालवणारं एक जोडपं, नवऱ्यानं बायकोला कपड्यांसाठी ठरावीक रक्कम दिलेली आणि बजावलेलं की माझ्या नावावर उधार घ्यायचं नाही. तिनं डेबनहॅमच्या दुकानातून घेतलं. निकाल नवऱ्याच्या बाजूनं लागला, त्यानं मनाई केली होती ना, मग तो देणं लागत नाही, दुकानदाराला ते ठाऊक नव्हतं तरी. दुकानदारांच्या पायाखालची जमीनच सरकली. नवऱ्याकडून वसुलीची खात्री नाही, बाईकडून वसूल करता येत नाही. १८८२ मध्ये कायदा बदलला आणि लग्न झालेल्या बाईला स्वतःची मालमत्ता ठेवता आली, पण सगळ्यांकडे स्वतःची मालमत्ता असते थोडीच. तेव्हा रोख पैसे आणि लेबलवर भाव ह्या पद्धतीमागे नुसती आधुनिकता नव्हती, दुकानदाराचा फाटलेला खिसाही होता. अर्थात श्रीमंतांची उधारी संपली नाही, हॅरॉड्सनं तर १८८५ च्या सुमारास निवडक गिऱ्हाइकांना खाती उघडून दिलीच.

## आणि जाहिराती एवढ्या एकदम कुठून आल्या?

करामुळे अडल्या होत्या, कर गेला तशा आल्या. १८५३ पर्यंत पेपरात छापलेल्या प्रत्येक जाहिरातीवर दीड शिलिंग कर होता, मग ती चार ओळींची का असेना. तो १८५३ ला गेला, त्याच वर्षी साबणावरचा कर गेला, १८५५ ला वर्तमानपत्रावरचा शिक्क्याचा कर गेला, १८६१ ला कागदावरचा कर. आठ वर्षांत पेपर स्वस्त, कागद स्वस्त, जाहिरात स्वस्त आणि साबण पण स्वस्त. पुढचं तुम्हीच जुळवा.

पिअर्स साबणाच्या कंपनीत टॉमस बॅरट नावाचा माणूस होता, कंपनीच्या मालकाचा जावई. ह्यानं काय काय केलं ते ऐका. लिली लँगट्री ही त्या काळची गाजलेली अभिनेत्री, तिच्याकडून मी पिअर्स वापरते असं छापून घेतलं. फ्रान्सची तांब्याची नाणी तेव्हा इंग्लंडमध्ये चालून जायची, ह्यानं ती ढिगानं मागवून त्यांवर पिअर्सचा ठसा मारून बाजारात सोडली. आणि जॉन मिले ह्या नामांकित चित्रकाराचं, साबणाचे फुगे बघणाऱ्या छोट्या मुलाचं चित्र, तो मुलगा त्याचा नातूच, हक्कांसकट २,२०० पौंडांना घेतलं आणि खाली साबणाची वडी टाकून पोस्टर केलं. चित्रकाराला धड नाही म्हणता येईना, हक्क विकले गेलेले, आणि कलेच्या जाणकारांनी त्यालाच शिव्या घातल्या. लोकांनी मात्र तेच पोस्टर फ्रेम करून भिंतीवर लावलं. आपल्या बाथरूममधली ती काचेसारखी वडी हीच बरं का.

ह्याच जाहिरातींची एक घाण बाजू पण आहे, ती गाळून चालणार नाही. १८९९ च्या पिअर्सच्या एका जाहिरातीत पांढऱ्या गणवेशातला नौदल अधिकारी हात धुतोय आणि मजकुराचा सूर असा की गोऱ्या माणसाच्या खांद्यावरचं ओझं हलकं करायचं तर बाकीच्यांना स्वच्छता शिकवा. वर आपणच तो साबण विकत घेणार.

## सरळ खोटं छापलं तर कोणी अडवायचं नाही?

बराच काळ नाही. औषधवाल्यांचा तर सुळसुळाट होता, पोट, डोकं, निराशा, सगळ्यावर एकच गोळी. बीचमच्या गोळ्या एक गिनीच्या मोलाच्या अशी जाहिरात, डबी मिळायची शिलिंगभराला, आणि पुढे १९०९ मध्ये डॉक्टरांच्या संघटनेनं तपासून सांगितलं की आत कोरफडीचा सुकवलेला रस, सुंठ आणि साबण.

पण एक बाई नडली. १८९१ च्या हिवाळ्यात इन्फ्लुएंझाची साथ होती. एका कंपनीनं कार्बोलिक स्मोक बॉल काढला, रबरी गोळा, त्याला नळी, आत कार्बोलिक ॲसिडची भुकटी, नळी नाकाला लावायची, गोळा दाबायचा, फसकन धूर नाकात, शिंकाच शिंका. किंमत दहा शिलिंग. जाहिरात अशी की दिवसातून तीनदा, दोन आठवडे वापरूनही ज्याला इन्फ्लुएंझा होईल त्याला १०० पौंड देऊ, आणि आमचा शब्द खरा म्हणून बँकेत १,००० पौंड ठेवलेत. लुइझा कार्लिल ह्या बाईंनी गोळा घेतला, नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत इमानेइतबारे नाकात धूर घेतला, आणि १७ जानेवारी १८९२ ला त्यांना इन्फ्लुएंझा झाला. त्यांनी १०० पौंड मागितले.

कंपनी म्हणाली, अहो जाहिरात होती ती, जाहिरातीत माणूस जरा फुगवून बोलतोच, आणि आमचा तुमच्याशी करार झाला कधी? अपील कोर्ट म्हणालं, बँकेत हजार पौंड ठेवल्याचं छापता म्हणजे गंमत नाही करत तुम्ही, अटी पाळणाऱ्या कोणाशीही हा करारच झाला, द्या पैसे. आपल्याकडे लॉ कॉलेजला पहिल्याच वर्षी हा खटला शिकवतात, वकील मित्राला विचारून बघा, झोपेतून उठून सांगेल. कंपनीचा निगरगट्टपणा पण बघा, हरल्यानंतर त्यांनी नवीन जाहिरात काढली, हजारो गोळे विकले आणि फक्त तिघांनीच पैसे मागितले, आता बक्षीस २०० पौंड! अर्थात अटी जरा वाढवून.

## फुरसतीत काय करायचे?

जे काही करायचे त्याचं सामान विकत मिळायचं, एवढं एका वाक्यात. १८७४ मध्ये मेजर विंगफिल्ड नावाच्या माणसानं लॉन टेनिसचं पेटंट घेतलं आणि पेटीत भरून अख्खा खेळच विकला, जाळी, खांब, रॅकेट, चेंडू, किंमत पाच गिनी. आता मगाचचा पगार आठवा, बंगल्यातल्या त्या एकट्या पोरीचा जवळपास अर्ध्या वर्षाचा पगार, बागेत चेंडू टोलवायला. रेल्वेमुळे समुद्रकिनारे जवळ आले, १८४१ ला ब्राइटन गाडीनं जोडलं गेलं, त्याच वर्षी टॉमस कुकनं एक शिलिंगात दारूबंदीवाल्यांची सहल नेली आणि त्यातून पुढे अख्खी ट्रॅव्हल कंपनी उभी राहिली.

दुःखातही सुटका नव्हती. विधवेनं साधारण दोन वर्षं काळे कपडे घालायचे, आधी क्रेप नावाचं बिनचमकीचं कापड, मग हळूहळू जरा सौम्य, घरातले नोकरही काळ्यात. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर १८४१ पासून 'जे' (Jay's) नावाचं फक्त सुतकाच्या कपड्यांचं भलंमोठं दुकान होतं, त्यांची जाहिरातच असायची की आमच्या शिवणकामाच्या बाया देशात कुठेही, येण्याजाण्याचा खर्च न घेता घरी येतील.

## पण हे सगळे श्रीमंतांचे चोचले, बाकीच्यांचं काय?

बाकीचे काउंटरच्या पलीकडे उभे होते, अक्षरशः उभे. दुकानातल्या पोरी दिवसाला बारा-चौदा तास पायांवर, बसायला मनाई, राहायचं मालकाच्याच वसतिगृहात, आणि उशीर झाला, बिलात चूक झाली की दंड. १८८६ मध्ये कायदा आला तो सुद्धा काय, तर अठरा वर्षांखालच्यांना आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त राबवू नका. ही मर्यादा! म्हणजे आधी किती असेल.

## मुंबईत हे पोचलं का?

पोचलं, आणि पटकन. आर्मी अँड नेव्हीनं १८९१ मध्ये मुंबईत शाखा काढली, काळा घोड्याला ती आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग अजून आहे, रोज हजारो लोक तिच्यासमोरून जातात. सनलाइट साबणाची खोकी १८८८ मध्ये कलकत्ता बंदरात उतरली, आजच्या हिंदुस्तान युनिलिव्हरची सुरुवात तिथून धरतात. सायकल तर आमच्या बेळगावात पण, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये पहिलं दुकान टाकलं ते सायकलींचंच.

काळा घोड्यालाच वॉटसन हॉटेल होतं. वॉटसन हा मुळात कापडाचा व्यापारी, हॉटेल नंतर. ७ जुलै १८९६ ला तिथं ल्युमिएर ह्या फ्रेंच बंधूंची चालती चित्रं, म्हणजे सिनेमा, दाखवली, तिकीट एक रुपया. ते खेळ बघून पेटलेल्यांपैकी एक म्हणजे फोटोग्राफर हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, आपले सावेदादा. त्यांनी इंग्लंडहून २१ गिनीचा कॅमेरा मागवला, म्हणजे विंगफिल्डच्या टेनिसच्या चार पेट्या आणि वर एक गिनी, आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला दोन पैलवानांची कुस्ती टिपली. कुस्ती मलबार हिलवर झाली, फिल्म धुवायला मात्र बोटीनं विलायतेला गेली.